आल्प्समध्ये स्की शिकायला जायचंय, मुक्काम कुठे करावा?

शेवंती

नमस्कार मंडळी,

घरच्यांनी मिळून आठवडाभर आल्प्समध्ये बर्फात राहायचं ठरवलंय. आम्ही सहा जण आहोत: मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. आम्हा चौघांना स्की शिकायचंय, आजवर कुणीच पायात स्की घातलेली नाही. आई-बाबा स्की करणार नाहीत, पण त्यांना दिवसभर खोलीत बसवून ठेवायचं माझ्या मनात नाही. बाबांचा गुडघा दुखतो. चढ-उतार नको वाटतो, सपाटीवर मात्र तासभर आरामात चालतात. दोघेही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एजंट व्हाल तोराँस सुचवतो आहे. सगळ्यांत उंच, 600 किलोमीटरचे उतार, बर्फाची खात्री, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याला मॅटरहॉर्न हा डोंगर बघायचाच आहे, म्हणून तो झेरमॅट म्हणतो. मला शामोनीचे फोटो बघून तिथे जावंसं वाटतंय. एक मैत्रीण सेंट अँटनला जाऊन आली, तिला ते फार आवडलं. चार माणसं, चार गावं!

तारखा दोन आहेत: फेब्रुवारीचा तिसरा आठवडा किंवा मार्चचा दुसरा. हॉटेल घ्यावं की अपार्टमेंट? आणि 'स्की-इन स्की-आउट', म्हणजे दारापासूनच स्की घालून निघता-परतता येतं असं, लिहिलेल्या जागांना बरेच जास्त पैसे पडतात, ते द्यावेत का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

खिंडवाला

एजंट खोटं बोलत नाहीये. व्हाल तोराँस हे 2,300 मीटरवरचं, युरोपातलं सगळ्यांत उंच स्कीचं गाव, आणि बर्फ तिथे असतोच. पण ते 600 किलोमीटर एकट्या त्या गावाचे नाहीत. कुर्शव्हेल, मेरिबेल आणि बेलव्हील अशा तिन्ही दऱ्यांचे उतार मिळून तो आकडा होतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही त्यातले फार तर दहा-पंधरा किलोमीटर वापराल. शिवाय त्या उंचीवर झाडं नाहीत. ढग खाली आला की वर-खाली सगळं एकसारखं पांढरं दिसतं, उतार कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळत नाही. झाडी असली की निदान कडेला काळ्या रेघा दिसत राहतात.

फ्रान्समध्ये अपार्टमेंट घेणार असाल तर एक नीट बघा: 'चार जणांसाठी' म्हणजे बऱ्याचदा 25 चौरस मीटरची एकच खोली. दोघे सोफ्याच्या पलंगावर आणि दोघे दाराजवळच्या बोळातल्या दुमजली पलंगावर. तुम्ही सहा जण आहात, तर आठ जणांसाठीची जागा शोधा आणि दार असलेल्या झोपायच्या खोल्या किती ते मोजा. चादरी, टॉवेल आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात, अनामतही ठेवावी लागते. बुकिंग बहुतेक शनिवार ते शनिवार. त्यामुळे शनिवारी तारांतेझच्या, म्हणजे व्हाल तोराँसकडे जाणाऱ्या, खोऱ्यात गाड्यांची लांबच लांब रांग लागते. मी तिथे रेल्वेनेच जातो. बूर्ग-सँ-मोरीस स्टेशनला उतरलं की समोरूनच लेझार्क 1600 या स्कीच्या गावाला जाणारी केबल-रेल्वे सुटते, सात-आठ मिनिटांत वर. बॅगा असलेल्या कुटुंबाला इतकी सोय थोड्याच ठिकाणी मिळते.

स्वतःचं स्वयंपाकघर मिळणं हा फ्रेंच अपार्टमेंटचा मोठा फायदा. तुमच्या आई-बाबांसाठी तो विचारात घ्या.

चांदणवेल

शेवंती, मी इन्सब्रुकला राहते आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार एका स्की-शाळेत लहान मुलांचा गट घेते. म्हणून तुझा प्रश्न मला मुलांच्या बाजूने दिसतो.

वर्ग सकाळी साडेनऊ-दहाला सुरू होतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत पहिल्या दहा मिनिटांत रडणारी जी असतात, ती बर्फाला घाबरलेली नसतात. ती दमलेली असतात. स्कीचे बूट म्हणजे घोटा अजिबात वाकू न देणारं जाड प्लास्टिक. ते घालून सात वर्षांचं मूल गोठलेल्या रस्त्यावरून अर्धा किलोमीटर चालत, मग गच्च भरलेल्या बसमध्ये उभं राहून, मग डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेतून माझ्यापर्यंत पोचतं, तेव्हा त्याची अर्धी ताकद संपलेली असते. शेजारी आई-वडील दोन्ही खांद्यांवर चार जणांच्या स्की घेऊन घामाघूम. हे दर आठवड्याला बघते. म्हणून माझं ठाम मत आहे की गावाचं नाव, उतारांचे किलोमीटर, खोलीतून दिसणारं शिखर हे सगळं नंतर. आधी बघायचं ते असं: नवशिक्यांचा उतार नेमका कुठे आहे, आणि पलंगापासून तिथवर सकाळी कसं जायचं?

हा प्रश्न तुझ्या चारही गावांना विचारून बघ.

झेरमॅट सुंदर आहे, यात वादच नाही. गाडी टेशला ठेवून शेवटचा टप्पा रेल्वेने, गावात फक्त विजेवरची वाहनं. पण गाव दरीत लांबट पसरलेलं, स्कीचे तीन भाग आणि त्यांची खालची स्टेशनं वेगवेगळ्या टोकांना. शिकायच्या जागा डोंगरावर आहेत, म्हणजे रोज आधी वर जायचं आणि मुलं दमली की पुन्हा लिफ्टनेच खाली. शिवाय खर्च स्वित्झर्लंडमधल्या वरच्या टोकाचा.

शामोनीत मुळात एक सलग स्कीचं मैदानच नाही. ब्रेव्हाँ-फ्लेजेर, ग्राँ मोंते, बाल्म, लेझूश हे भाग दरीभर विखुरलेले आणि एकमेकांना जोडलेले नाहीत. सोबतीला बस हवीच. पहिलं हिवाळी ऑलिंपिक 1924 मध्ये जिथे झालं, गिर्यारोहणाचा एवढा इतिहास जिथे आहे, ते गाव बघायला जरूर जा, पण चौघांनी पहिल्यांदा स्की शिकायला नको.

सेंट अँटन तुझ्या मैत्रिणीला आवडलं, कारण तिला बहुधा स्की येत असणार. तिथले निळे, म्हणजे सोपे, उतार दुसरीकडच्या लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारांएवढे वाटतात, आणि संध्याकाळी गावात परतायच्या वाटेवर गर्दी उसळते. व्हाल तोराँसबद्दल खिंडवाला यांनी लिहिलंच आहे. मी एवढीच भर घालेन की 2,300 मीटरवर पहिल्या एक-दोन रात्री झोप न लागणं, डोकं दुखणं अनेकांना होतं. आई-बाबांना रक्तदाब किंवा श्वासाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

मग मी कुठे पाठवेन? तुमच्यासारख्या कुटुंबासाठी माझ्या मनात पहिलं नाव येतं ते ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या सेरफाउसचं. इन नदीच्या खोऱ्याच्या वर, 1,427 मीटरवर, उन्हाच्या सपाट कुशीत वसलेलं गाव. गावात गाड्यांची गर्दी नको म्हणून 1985 पासून रस्त्याखालून एक छोटी रेल्वे धावते. ती फुकट आहे आणि थेट लिफ्टच्या स्टेशनपाशी नेऊन सोडते. मुलांचा शिकायचा भाग कोंपरडेलला, जवळपास 2,000 मीटरवर आहे. गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यांतून, सगळेच वर जातात, स्की न करणारेही. म्हणजे आई-बाबा अकराच्या सुमाराला निवांत वर येऊन नातवंडांना घसरताना बघू शकतात आणि दुपारचं जेवण सगळ्यांना एकत्र घेता येतं. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या गावात आजी-आजोबा खाली आणि बाकीचे दिवसभर वर असतात, तिथे तिसऱ्या दिवसापासून दोन्हीकडच्या चेहऱ्यांवर ते दिसायला लागतं.

मॅटरहॉर्नचा ओढा सुटत नसेल तर दुसरा पर्याय स्वित्झर्लंडमधलं वेंगेन. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळावरच्या रेल्वेने वर जायचं, गावात गाड्या नाहीत, आणि नवशिक्यांचा उतार अगदी गावाच्या मध्यात. आई-बाबांना रेल्वेने बसल्या जागी क्लाइने शाइडेगपर्यंत, 2,061 मीटरवर, आयगर शिखराच्या पायथ्याशी जाता येतं. तिथे सहा रात्री राहून शेवटच्या दोन रात्री झेरमॅटला काढा, स्की न करता. 1898 पासून चालू असलेल्या रेल्वेने गोर्नरग्राटला गेलात की 3,089 मीटरवरून मॅटरहॉर्न समोर. बाबांच्या गुडघ्याला काहीच त्रास नाही.

आता तारखा. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा शक्य असेल तर टाळ. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत वाटलेल्या असतात आणि त्या मिळून जवळजवळ महिनाभर चालतात. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या काही भागांच्या सुट्ट्याही याच सुमाराच्या. सगळ्यांत महाग, सगळ्यांत लांब रांगा, आणि वर्गात मुलंही जास्त. मार्चचा दुसरा आठवडा मला कितीतरी बरा वाटतो: दिवस मोठा, ऊन अंगाला लागणारं. मार्चमध्ये दुपारी खालचा बर्फ पाणचट होतो हे खरं. म्हणून गावाच्या उंचीपेक्षा शिकायच्या उताराची उंची बघायची. वेंगेन गाव 1,274 मीटरवर आहे, मार्चमध्ये गावातला उतार विरळ झाला तर वर्ग वर शाइडेगकडे न्यावा लागेल. सेरफाउसला मुळातच सगळं वर आहे, त्यामुळे ती चिंता कमी.

'स्की-इन स्की-आउट'चे जादा पैसे पहिल्या आठवड्यासाठी मी देणार नाही. त्या शब्दांमागे काय आहे ते विचारावं लागतं. दारापर्यंत येणारी वाट लाल असेल तर तुम्हाला ती उपयोगाचीच नाही, संध्याकाळी स्की हातात घेऊन उतरावं लागेल. त्यापेक्षा लिफ्टच्या खालच्या स्टेशनवर जे भाड्याचं दुकान असेल तिथूनच सामान घ्या आणि रात्री तिथल्याच कपाटात ठेवा. बुटांना आतून गरम हवा देणारे दांडे असतात, सकाळी बूट कोरडे आणि उबदार मिळतात. कपाटाचं भाडं थोडं असतं, ते पैसे मी कधीही वाचवत नाही. मग हॉटेलपासून दुकानापर्यंत सगळे साध्या बुटांत, मोकळ्या हातांनी.

शेवंती

चांदणवेल, इतकं मनापासून लिहिलंस, खूप खूप आभार. मुलांच्या दमण्याचा विचार मी केलाच नसता, मी आपली खोल्यांचे फोटो बघत बसले होते. सेरफाउसचं नावही ऐकलं नव्हतं. खिंडवाला, बोळातले पलंग आता प्रत्येक जाहिरातीत दिसायला लागलेत!

दोन प्रश्न राहतात. सेरफाउसला हॉटेल घेतलं तर आई-बाबांच्या जेवणाचं कसं? आणि शिकवणीचे वर्ग कोणत्याही दिवशी सुरू करता येतात का? आमचं विमान मंगळवारचं स्वस्त मिळतंय.

अबोली७

जेवणाबद्दल मी सांगते, आम्ही वयस्कर आई-बाबांना घेऊन इटलीत दक्षिण टिरोलला, ओर्तिझेईला राहिलो होतो. ऑस्ट्रिया आणि दक्षिण टिरोल दोन्हीकडे हॉटेलं बहुतेक 'हाफ बोर्ड'वर असतात, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. शाकाहारी जेवण मिळतं, पण त्यांच्या शाकाहारात अंडं असतंच. क्नोडल म्हणजे पावाचे गोळे, श्पेट्झले, कैझरश्मारन, सगळ्यांत अंडं. घरी केलेल्या ताज्या पास्त्यातही बऱ्याचदा असतं. सुका पास्ता गहू-पाण्याचा असतो, तो चालतो. बटाट्याची र्‍योस्टी, पोलेंटा, पिझ्झा, भाजलेल्या भाज्या, हे चालेल. सूप कितीही भाज्यांचं दिसलं तरी पाणी मांसाचं आहे का ते विचारा. पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, तेही चालत नसेल तर तसं लिहून द्या. हे सगळं बुकिंगच्या वेळीच कळवायचं, पोचल्यावर नव्हे. आम्ही आधी लिहिलं होतं, तर स्वयंपाक्याने रोज सकाळी येऊन रात्रीचा बेत विचारला. आईला त्याचं इतकं कौतुक वाटलं!

आणि शेवंती, आल्पे दी सिऊझीचाही विचार कर. ओर्तिझेईहून गोंडोलाने वर गेलं की युरोपातलं सगळ्यांत मोठं डोंगरमाथ्यावरचं कुरण पसरलेलं आहे. उतार इतके सौम्य की नवशिक्यांना धडकी भरत नाही, आणि चालणाऱ्यांसाठी बर्फ दाबून केलेल्या वेगळ्या वाटा. घोड्यांच्या बर्फगाड्याही मिळतात. माझ्या बाबांना स्कीपेक्षा ते चालणंच आवडलं. तिथल्या हॉटेलातून पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर दक्षिण टिरोलच्या बस आणि गाड्या फुकट. फक्त एक लक्षात ठेव, इटलीत उतारावर जाणाऱ्याकडे दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा असणं 2022 पासून सक्तीचं आहे. लिफ्टच्या पाससोबतच घेता येतो.

चांदणवेल

अबोली, आल्पे दी सिऊझी मलाही मनापासून आवडतं. शेवंती, तुला उत्तम खाणं आणि आई-बाबांचं चालणं सगळ्यांत वर ठेवायचं असेल तर ते घे. मुलांचं शिकणं वर ठेवायचं असेल तर सेरफाउस. दोन्हीकडे वाईट काहीच होणार नाही.

मंगळवारी मात्र पोचू नकोस. आमच्याकडे गटांचे वर्ग रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि शुक्रवारपर्यंत चालतात. बुधवारी नवं मूल आलं की बाकीची तोवर वळायला शिकलेली असतात. मग ते एकटं नवशिक्यांच्या सरकत्या पट्ट्यावर मागे राहतं किंवा खाजगी शिक्षक घ्यावा लागतो, आणि तो तासाच्या हिशेबाने फार महाग. विमानात वाचलेले पैसे तिथेच जातील. शनिवारी पोचा.

पाससुद्धा सगळ्या भागाचा एकदम घेऊ नका. पहिले दोन दिवस शिकायच्या भागापुरता घ्यायची सोय बहुतेक ठिकाणी असते, मग शिक्षकाला विचारून पुढचा. नकाशावर रंग बघताना हेही ध्यानात ठेव की फ्रान्समध्ये निळ्याच्या खाली हिरवा असतो. ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडमध्ये आणि इटलीत सर्वांत सोपा रंग निळाच.

विमा फार नीट बघ. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, पण अनेक साध्या पॉलिसींत स्कीइंग धरलेलं नसतं. 'हिवाळी खेळ' आणि 'डोंगरावरची सुटका, हेलिकॉप्टरसह' हे दोन्ही छापील दिसले पाहिजेत. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा. वेंगेन आणि झेरमॅट केलंत तर स्वित्झर्लंड, सेरफाउस केलंत तर ऑस्ट्रिया. म्हणून मुक्काम आधी पक्का कर, अर्ज नंतर.

शेवंती

रात्री सगळ्यांना बसवून हे वाचून दाखवलं. सेरफाउस ठरलं! मार्चचा दुसरा आठवडा, शनिवार ते शनिवार, हाफ बोर्ड. नवऱ्याने मॅटरहॉर्न पुढच्या खेपेला ढकलला आहे. नातवंडांबरोबर वर जेवता येणार हे ऐकून आईंनी लगेच हो म्हटलं. तीन हॉटेलं निवडली आहेत, त्यांना काय काय विचारू?

चांदणवेल

वा, फार आनंद झाला!

तिघांनाही एकच पत्र पाठव. गावातल्या रेल्वेचं जवळचं स्टेशन किती मिनिटांवर, आणि तिथवरची वाट सपाट आहे का? अंतर मीटरमध्ये सांगतील, पण चढ सांगणार नाहीत, म्हणून चढाचं मुद्दाम विचार. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते का? जुन्या घरांत अर्ध्या मजल्यावर पाच-सहा पायऱ्या निघतात, बाबांसाठी ते आधी कळलेलं बरं. आई-बाबांची खोली तुमच्या खोलीच्या शेजारी मिळेल का? जेवणाचं अबोलीने लिहिलं आहे ते जसंच्या तसं लिही. मुलांचं वय लिही, वयावर दर बदलतो. पाहुण्यांकडून घेतला जाणारा गावाचा कर आणि साफसफाई धरून एकूण किती, हेही लेखी माग.

तुम्ही शनिवारी लांडेक-त्साम्स स्टेशनला उतरून बसने वर याल. झ्युरिकहून इन्सब्रुककडे येणाऱ्या थेट गाड्या तिथे थांबतात. शक्यतो दुपारी चारच्या आत पोचा आणि त्याच संध्याकाळी बूट मापून घ्या, रविवारी सकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते. मुलांना एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा घालून न्या. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालतात, त्याने पाय आवळतो, रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. बूट घालून उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम लागावीत आणि गुडघे पुढे वाकवले की सुटावीत, तेवढं माप बरोबर. मुलाला दुकानात पाच मिनिटं चालायला लाव, टाच वर उचलली जात असेल तर लहान माप मागून घे.